कांद्यावरील फुलकिडे : औषध बदलले, दृष्टी बदलली काय ?

माघ-फाल्गुनाच्या सुमारास निफाड, येवला, चांदवड या बाजूस हिंडताना उन्हाळी कांद्याच्या पुष्कळ वाफ्यांतून एकच देखावा दिसतो. पातीवर बारीक पांढरे ठिपके पडलेले असतात. काही ठिकाणी ठिपके एकमेकांत मिसळून पात रुपेरी झालेली असते, तर काही ठिकाणी ती वेडीवाकडी होऊन शेंड्याकडून वाळू लागलेली असते. असे एखादे रोप हातात घेऊन शेतकरी कार्यालयात येतो आणि विचारतो, “साहेब, यावर कोणते औषध मारू ?”

हा प्रश्न अगदी स्वाभाविक आहे. परंतु त्याला आपण जे उत्तर देतो ते बरोबर आहे काय, याचा विचार करण्यासाठी हा लेख लिहीत आहे. पूर्वी आपण एका रासायनिक औषधाचे नाव सांगत होतो. आता सेंद्रिय शेतीचा प्रचार सुरू झाल्यापासून आपण निंबोळी अर्काचे किंवा एखाद्या जैविक बुरशीचे नाव सांगतो. बाटली बदलली, परंतु कीड दिसली की बाटलीकडे धाव घ्यावयाची ही सवय मात्र तशीच राहिली. मला वाटते, सेंद्रिय कीडनियंत्रण अनेक गावांत फसते याचे मुख्य कारण हेच होय. दोष निंबोळीचा नाही, बुरशीचाही नाही. जी वस्तू एका पद्धतीचा शेवटचा भाग म्हणून वापरावयाची, तिलाच आपण संपूर्ण पद्धत समजून बसलो आहोत.

शत्रूची ओळख

कांद्यावरील फुलकिडा हा जेमतेम एक मिलिमीटर लांबीचा कीटक आहे. प्रौढ कीटक पिवळसर ते तपकिरी रंगाचा असून त्यास झालरीसारखे पंख असतात. पिलांना पंख नसतात व ती फिकट पिवळी असतात. दोन्हीही पात खरवडतात व त्यातून निघणारा रस शोषून घेतात. त्यांची वस्ती पातीच्या उघड्या भागावर फारशी नसते. रोपाच्या मानेशी, जेथे कोवळी पाने एकमेकांस चिकटून उभी असतात, त्या बेचक्यांत ते दडून राहतात. मादी आपली अंडी पातीच्या पेशींच्या आत घालते. पिले वाढली म्हणजे जमिनीत उतरतात, तेथे कोषासारखी निश्चल अवस्था काढतात व पंख फुटल्यावर पुन्हा पिकावर येतात. उष्ण व कोरड्या हवेत ही सारी फेरी दोन-तीन आठवड्यांत पूर्ण होते.

यावरून ध्यानात येईल की, आपण फवारणी करतो त्या दिवशी या किडीचा बराच भाग आपल्या पंपाच्या टप्प्याबाहेर असतो. अंडी पातीच्या आत, कोष जमिनीत आणि उरलेले कीटक मानेच्या बेचक्यात. शिवाय या जातीच्या मादीस प्रजोत्पादनासाठी नराची गरज लागत नाही. एक मादी वाचली तरी वंश पुढे चालू शकतो. अमेरिका व कॅनडा येथील कांद्याच्या शेतांत या किडीने काही कीटकनाशकांना दाद न देण्याइतकी प्रतिकारशक्ती मिळविल्याचे आढळून आलेले आहे. तेव्हा दर आठ दिवसांनी नवे, अधिक कडक औषध मारण्याच्या मार्गाला शेवट नाही, हे उघड आहे.

या मार्गाची किंमत केवळ पैशांत मोजून भागत नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी व शेतमजूर दगावले. ते पीक कांद्याचे नव्हते. परंतु पाठीवर पंप घेणारा माणूस सर्वत्र सारखाच आहे. कांद्याच्या वाफ्यात तर फवारणीनंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी खुरपणीस बसणाऱ्या बायांचे हात त्याच पातीतून फिरत असतात, ही गोष्ट आपण सोयीस्करपणे विसरतो.

एक कबुली

दुसऱ्यांचे दोष सांगण्यापूर्वी माझा स्वतःचा एक अनुभव सांगणे योग्य होईल. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात मी एका गावी कांद्यावर जैविक बुरशीचे प्रात्यक्षिक घेतले होते. गावकरी जमावेत म्हणून वेळ सकाळी अकराची ठेवली. करप्याची लक्षणेही दिसत होती, म्हणून मजुरी वाचावी या हेतूने त्याच पंपात मँकोझेबही मिसळले. फोटो निघाले, अहवाल गेला. दहा दिवसांनी मी पुन्हा त्या शेतात गेलो, तेव्हा फुलकिडे पूर्वीपेक्षा अधिक होते. शेतकऱ्याने मला एक शब्दही बोलून दाखविला नाही. फक्त पुढच्या खेपेस त्याने दुकानातून नेहमीचे औषध आणले.

चूक कोणाची होती ? बिव्हेरिया किंवा लेकॅनिसिलियम ही जिवंत बुरशी आहे. ती किडीच्या अंगावर रुजते व तिला मारते. तिला ओलावा हवा असतो आणि कडक ऊन सोसत नाही. मी ती भर उन्हात फवारली. त्यातही, बुरशी मारण्यासाठीच तयार केलेले औषध तिच्यासोबत एकाच पंपात घातले. म्हणजे बियाणे उकळून पेरावे आणि उगवण झाली नाही म्हणून जमिनीस दोष द्यावा, तसा तो प्रकार झाला. कृषीची पदवी घेतलेल्या माणसाकडून ही चूक होते, तर ज्याला आपण नुसते पाकीट देऊन परत पाठवतो त्या शेतकऱ्याकडून ती न झाली तरच नवल.

काम लागवडीपूर्वीचे

सेंद्रिय पद्धतीत कीड मारण्यापेक्षा ती वाढू न देणे महत्त्वाचे. त्याची सुरुवात पिकावर ठिपके दिसल्यावर होत नाही. ती रोपवाटिकेपासून होते.

आपल्याकडे खरीप, रांगडा व उन्हाळी असे कांद्याचे तीन हंगाम एकमेकांस जोडून येतात. एका वाफ्यातील कांदा काढणीस येतो त्या वेळी शेजारच्या वाफ्यात कोवळी रोपे उभी असतात. फुलकिड्यास याहून सुखाचा प्रवास कोणता ? यास्तव जुन्या कांद्याच्या शेजारी रोपवाटिका टाकू नये. काढणीनंतर उरलेली पात, टाकाऊ कांदे व बांधावरचे तण शेतात पडू न देता कंपोस्टच्या खड्ड्यात नीट मातीआड करावे. शक्य तेथे कांद्यावर कांदा घेऊ नये.

दुसरा उपाय म्हणजे मक्याचे कुंपण. फुलकिडे स्वतःच्या बळावर फार दूर उडत नाहीत. वाऱ्याबरोबर वाहत येतात. राजगुरुनगर येथील कांदा व लसूण संशोधन संस्थेची शिफारस अशी आहे की, सुमारे २५० चौरस मीटर, म्हणजे आपल्या हिशेबाने अडीच गुंठे, क्षेत्राभोवती मक्याच्या दोन ओळी किंवा बाहेरून मका व आतून गहू अशी एकेक ओळ, कांद्याच्या लागवडीपूर्वी निदान ३० दिवस पेरावी. कांद्याचे रोप साधारणपणे ४५ ते ५० दिवसांत लागवडीस येते. तेव्हा रोपवाटिका पंधरा-वीस दिवसांची झाली की मका पेरावा, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे. एकराचे असे सोळा भाग पाडणे जड जाईल, असे शेतकरी म्हणतात व त्यात तथ्य आहे. माझे मत असे की, सर्व शक्य नसेल तर ज्या बाजूने वारा येतो व ज्या बाजूस जुना कांदा उभा आहे, त्या बाजूंना तरी मका असावा. तो मका वाया जात नाही. गोठ्यातील जनावरे त्याचा हिशेब चुकता करतात.

तिसरी गोष्ट खताची. नत्राचा मारा अधिक झाला की पात लुसलुशीत होते व फुलकिड्यांचे फावते. नत्राचा हप्ता लागवडीनंतर ४५ दिवसांच्या पुढे देऊ नये. पीक हिरवेगार दिसावे म्हणून साठाव्या-सत्तराव्या दिवशी युरियाची मूठ फेकणारा शेतकरी किडीला आमंत्रण देतो व चाळीत कांदा सडण्याचीही व्यवस्था करून ठेवतो. संपूर्ण सेंद्रिय पद्धतीने शेती करणाऱ्यास युरियाचा प्रश्न नाही; परंतु अर्धकच्चे शेणखत व अनेकविध द्रावणे वारंवार देण्याच्या बाबतीत त्यानेही संयम पाळावा.

चौथी गोष्ट पाण्याची. पाऊस पडला की फुलकिडे कमी होतात, हे प्रत्येक शेतकऱ्याने पाहिलेले आहे. तुषार सिंचनाने हेच काम काही अंशी साधते. फक्त पाणी सकाळी द्यावे, म्हणजे दिवसा पात सुकून जाईल. रात्रभर पात ओली राहिली तर करप्यास वाव मिळतो. पिकास पाण्याचा ताण बसू देऊ नये. तहानलेल्या पिकाचे तेवढ्याच किडीने अधिक नुकसान होते.

मोजल्यावाचून फवारू नये

आता मी माझ्या मुख्य मुद्द्याकडे वळतो. कांद्याच्या शेतात फुलकिडा असणे म्हणजे नुकसान होणे नव्हे. एका झाडावर सरासरी ३० फुलकिडे ही आर्थिक नुकसानीची पातळी मानली जाते. परंतु आपल्यापैकी किती जणांनी हे किडे कधी मोजले आहेत ?

मोजण्याची रीत सोपी आहे. लागवडीनंतर तिसऱ्या आठवड्यापासून दर आठ दिवसांनी शेतात नागमोडी चालत निरनिराळ्या ठिकाणची दहा रोपे पाहावीत. मधली पाने हळूच फाकवून मानेशी असलेली पिले व प्रौढ मोजावेत. बेरजेस दहाने भागावे. आलेला आकडा घरातील दिनदर्शिकेवर लिहून ठेवावा. निळे चिकट सापळे लावले तर प्रौढ कीटक येऊ लागल्याची सूचना मिळते. परंतु सापळ्यांनीच कीड संपेल अशा भ्रमात राहू नये.

येथे एक सूक्ष्म भेद आहे. ३० ही पातळी झटपट मारणाऱ्या औषधाच्या दृष्टीने ठीक आहे. निंबोळी व बुरशी या दोन्ही गोष्टी सावकाश काम करतात. म्हणून माझ्या मते, सेंद्रिय पद्धतीत आकडा दहाच्या पुढे जाऊन दर आठवड्यास चढता दिसू लागला की पहिली फवारणी करावी. तिसाची वाट पाहू नये. मात्र तो चढता नसेल तर हात आखडता घ्यावा. तसेच कांदा पोसण्याचा काळ सर्वांत नाजूक असतो, तेव्हा तेथे डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवावे. काढणी दोन-तीन आठवड्यांवर आली असता पातीवर ठिपके वाढले म्हणून केलेली फवारणी बहुधा केवळ मनाच्या समाधानासाठी असते.

ही मोजणी कोणी करावयाची ? एकदा वाफ्यात खुरपणी चालू असता मी एका वृद्ध मजूर बाईंना विचारले, “मावशी, ही बारीक पिवळी किडी कधीपासून दिसते ?” त्या म्हणाल्या, “मागल्या खुरपणीला बांधाकडच्या दोन वाफ्यांत होती, आता मधोमध आली. आम्हाला कोणी विचारलं नाही, म्हणून आम्ही सांगितलं नाही.” मालकाला ती कीड दिसली होती त्याच दिवशी सकाळी. म्हणजे तीन आठवड्यांची आगाऊ सूचना त्या वाफ्यातच बसून होती. आपल्या सभा देवळापुढे भरतात व तेथे पुरुष मंडळी येतात. रोपाशी ज्यांची नजर सर्वांत जवळ असते, त्या खुरपणाऱ्या स्त्रियांपर्यंत आपण जात नाही. त्यांना फुलकिडा ओळखण्यास शिकवावे लागत नाही. त्यांचे सांगणे नोंदवून घेण्यास आपण शिकले पाहिजे.

निंबोळीचा हिशेब मृगात

निंबोळी अर्काविषयी आपण फार सांगतो. पण वेळेवर सांगत नाही. फेब्रुवारीत अर्काची शिफारस करावयाची आणि निंबोळ्या जूनच्या सुमारास पडून पायदळी गेलेल्या, असा हा प्रकार असतो. मग शेतकऱ्यास बाजाराचाच रस्ता धरावा लागतो.

हिशेब असा आहे. ५ टक्के अर्कासाठी १०० लिटर पाण्यास निंबोळीच्या गराची ५ किलो भुकटी लागते. उन्हाळी कांद्यास एका एकरास सुमारे २०० लिटर पाणी धरले, तर एका फवारणीस १० किलो व तीन फवारण्यांस ३० किलो गर हवा. टरफलासकट घेतल्यास अर्थातच अधिक लागेल. तेव्हा मृगाच्या आगेमागे पिकलेल्या निंबोळ्या गोळा कराव्यात, साल व गीर धुऊन काढावा, बिया सावलीत खडखडीत वाळवाव्यात व हवा खेळेल अशा गोणपाटात ठेवाव्यात. बुरशी आलेली बी निरुपयोगी समजावी. वापरण्याच्या आदल्या संध्याकाळी भुकटी पाण्यात भिजत घालावी, दुसऱ्या दिवशी फडक्याने गाळून घ्यावी व पाणी घालून १०० लिटर द्रावण करावे. त्यात २०० ग्रॅम साध्या साबणाचे पाणी मिसळावे. कांद्याची पात उभी व मेणचट असते. साबणाशिवाय थेंब घरंगळून खाली जातो. द्रावण त्याच दिवशी, ऊन कलल्यावर, मानेपर्यंत पोहोचेल अशा रीतीने फवारावे.

याहून महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. निंबोळीने फुलकिडा पटकन मरत नाही. त्याची भूक मंदावते व पिलांची कात टाकण्याची क्रिया बिघडते. दुसऱ्या दिवशी सकाळी शेतात जाऊन मेलेले किडे शोधणारा शेतकरी निराश होणारच. त्याला आधीच सांगावे की, पाच-सात दिवसांनी पिलांची मोजणी करा आणि आकडा उतरला की नाही ते पाहा. हे न सांगता दिलेली शिफारस म्हणजे अर्धी शिफारस होय.

बुरशीच्या बाबतीतही हेच. प्रमाण लिटरला ५ ग्रॅम, वेळ संध्याकाळची, शक्यतो पाणी दिल्यानंतर. तिच्या अगोदर वा नंतर लगेच बुरशीनाशक मारू नये व एकत्र तर कधीच मिसळू नये. फाल्गुनातील कोरड्या हवेत तिचा प्रभाव कमी दिसतो. खरीप व रांगडा हंगामांत हवेत ओल असते, तेथे तिच्यावर अधिक भिस्त ठेवावी. पाकिटावर नोंदणी क्रमांक व मुदत पाहून घ्यावी. १९६८ च्या कीटकनाशक कायद्याने रासायनिक औषधांप्रमाणेच निंबोळीयुक्त व जैविक कीटकनाशकांसही नोंदणी आवश्यक केलेली आहे. घटक न सांगणारी, नोंदणी नसलेली व एका रात्रीत सर्व किडी मारणारी “सेंद्रिय” बाटली कोणी देऊ केली, तर तिच्यात सेंद्रिय काय आहे, हा प्रश्न अवश्य विचारावा.

कांद्याचे बी धरणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. डेंगळ्यांवरील गोंडे फुलले म्हणजे परागीभवनाचे काम मुख्यतः मधमाश्या करतात. त्या वेळी केलेली विषारी फवारणी फुलकिड्याबरोबर मधमाशीसही मारते, आणि मग गोंडे भरदार दिसूनही बी भरत नाही. जो किडा बी खातो त्याचा राग येतो. जी माशी बी भरते तिची आठवणही होत नाही.

खोटे वचन नको

या पद्धतीवर घेतले जाणारे आक्षेप खोटे नाहीत. सेंद्रिय मार्गाने पात डागविरहित राहणार नाही. एखाद्या अतिउष्ण वर्षी उत्पन्नात काही घट सोसावी लागेल. शेजाऱ्याच्या शेतातून कीड येतच राहील. आणि बाजार समितीच्या आवारात लिलाव होताना व्यापारी कांद्याचा आकार, रंग व वाळवण पाहतो. तो कसा पिकविला हे बहुधा विचारीत नाही. म्हणून “सेंद्रिय कांद्यास जास्त भाव मिळेल” असे वचन कोणत्याही कार्यकर्त्याने देऊ नये. प्रमाणीकरण करून स्वतंत्र गिऱ्हाईक मिळविणाऱ्यांची गोष्ट निराळी. सर्वसाधारण शेतकऱ्याचा लाभ न झालेल्या खर्चात आहे. दर वर्षी वाढत जाणारे औषधाचे बिल, उधारीवर आणलेल्या बाटल्या आणि पंप पाठीवर घेणाऱ्याची प्रकृती, यांचा हिशेब मांडला तर हा मार्ग परवडतो असे माझे मत आहे. परंतु तो हिशेब शेतकऱ्याने आपल्या वहीत मांडून स्वतः पाहिला पाहिजे. माझ्या सांगण्यावर विश्वास ठेवून नव्हे.

यासाठी एक छोटी सूचना करून लेख पुरा करतो. प्रत्येक कार्यकर्त्याने येत्या हंगामात आपल्या गावात एकाच शेतकऱ्याची दहा गुंठे जमीन निवडावी. तिचे अडीच-अडीच गुंठ्यांचे चार भाग करावेत व प्रत्येक भागाभोवती वेळेवर मका पेरावा. तेथे ठराविक दिवसाची फवारणी करू नये. दर आठवड्यास त्या शेतात खुरपणाऱ्या बायांसमवेत दहा रोपे मोजावीत व आलेला आकडा ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहावा. जवळच नेहमीच्या पद्धतीने केलेल्या दहा गुंठ्यांचा आकडा, औषधाचा खर्च व काढणीच्या वेळी भरलेले वजन हेही त्याच फळ्यावर असावे. आकडा वाईट आला तरी तो पुसू नये.

आजवर आपण वाटलेली पाकिटे मोजली. ज्या दिवशी आपण किडे मोजू लागू, त्या दिवशी शेतकऱ्याचा प्रश्नही बदलेल. “कोणते औषध मारू ?” असे न विचारता तो म्हणेल, “साहेब, या आठवड्यास सरासरी आठ आहेत, थांबू ना?” त्या दिवशी आपले काम खऱ्या अर्थाने सुरू झाले असे मी समजेन.